‘एकसुरी’ म्हणजे नेमकं काय? आणि तो शब्द नेहमी दूषणच का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात पंचवटीतल्या एका शाळेत पाठांतर स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. सहावीतल्या एका मुलीने एक उतारा म्हटला. एक अक्षर चुकली नाही, श, ष, स स्वच्छ, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आवाजाची पट्टी तीच. वर नाही, खाली नाही. मी शेऱ्यात लिहिलं, ‘उच्चार उत्तम, सादरीकरण एकसुरी.’

कार्यक्रम संपल्यावर तिची आजी भेटायला आली. भजनी मंडळातल्या बाई, हातात कापडी पिशवी, बोलणं अगदी मऊ. म्हणाल्या, “बाई, एकसुरी म्हणजे वाईट का हो? आम्ही पंधरा बायका एका सुरात म्हणतो तेव्हा लोक म्हणतात, काय सुंदर. माझी नात एकटी एका सुरात म्हणाली तर गुण कापले?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही तेच डोक्यात. एकसुरी या शब्दाचा नेमका अर्थ काय? आवाज बदलत नाही एवढंच तो सांगतो, की ‘म्हणून कंटाळा येतो’ हेही त्यातच आलं? आणि न बदलणाऱ्या सुराला दोष न देता म्हणायचं असेल तर आपल्याकडे शब्द आहे का? शेऱ्याचे कागद अजून माझ्याकडेच आहेत, सोमवारी शाळेत द्यायचे आहेत.

शालिमार_चौक
ताई, सरळ अर्थ चढउतार नसलेलं. आधी आवाजाबद्दल असेल, मग सगळीकडे पसरलं. एकसुरी भाषण, एकसुरी अभिनय, एकसुरी आयुष्य. माझं ऑफिस अंबडला, घर नाशिक रोडला, रोज तोच रस्ता आणि द्वारका चौकात तोच खोळंबा. याला मी एकसुरीच म्हणतो, तिथे सुराचा संबंध नाही.

आजींचा प्रश्न मात्र खरा आहे. ‘सगळे एका सुरात म्हणाले’ यात कौतुक आहे, निदान एकी आहे. ‘एकसुरी म्हणाला’ यात तक्रार आहे. शब्द तेच दोन.

मिसळ_जहाल
आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला एकच सुरी आहे. म्हणजे आमचं घर एकसुरी. आई दिवाळीला दुसरी आणणार म्हणते.

तांबटआळी
मिसळ_जहाल, :) आणि दुसरी आली की घर दुसुरी.

यावरून एक आठवलं. ‘एकसूरी’ असं दीर्घ लिहिलेलं फार दिसतं. सूर लिहिताना दीर्घ, पण पुढे काही लागलं की ऱ्हस्व: सुरात, सुराला, बेसूर पण बेसुरा. म्हणून एकसुरी. ताई, तुम्ही बरोबर लिहिलंय, शेऱ्यातही तसंच ठेवा.

आता मुद्द्याचं. मी जुन्या नाशकात वाढलो, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या ठोक्यात. सकाळी नऊला ठोके सुरू व्हायचे. ठक् ठक् ठक्, सारख्या अंतराने, सारख्या जोराने. एक पक्षीही आहे, तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ आणि छाती लाल. वडा-पिंपळावर बसून टुक् टुक् टुक् करत राहतो, आमच्या आळीसारखाच, म्हणून नाव तांबट. त्या पक्ष्याला कोणी एकसुरी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. माणसाला म्हणतात.

खर्ज
मी गाणं शिकते, म्हणून तंबोऱ्याबद्दल लिहिते. तंबोरा चार तारांचा. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्ज (सा), चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मालकंसासारख्या रागात पंचमच नसतो, मग पहिली तार मध्यमाला लावायची. एकदा लावला की तासभर तेच, त्याच क्रमाने छेडत राहायचं. बाहेरच्या माणसाला हे सगळ्यात एकसुरी वाटेल.

पण घोडीवर जिथून तार जाते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज एकदम उघडतो. त्याला जवारी लागली म्हणतात. मग खर्जाच्या तारेतून गंधार (ग) ऐकू येतो. तार षड्जाचीच, कोणी गंधार वाजवलेला नाही, तरी तो तिथे असतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “ऐकू आला ना? आता रोज येईल.”

म्हणून माझं मत असं की सूर एक असणं आणि एकसुरी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मुलीच्या आवाजात जवारी होती का, हे तुम्हीच ऐकलंय ताई.

रोकठोक
सगळं छान आहे, पण मूळ प्रश्न शब्दाच्या अर्थाचा होता. शब्दाचा अर्थ वापरात असतो. नाटकाच्या परीक्षणात ‘अमुकची भूमिका एकसुरी झाली’ असं वाचलं की आपण काय समजतो? नटाने कंटाळा आणला. तंबोऱ्याला तुम्ही एकसुरी म्हणतच नाही, यातच उत्तर आलं. हा दोष दाखवणारा शब्द आहे आणि तो तसाच राहू द्या. सगळ्याच शब्दांना गोड करायला गेलो तर दोष दाखवायला शब्द उरणार नाहीत.

फक्त एक भेद पाळावा. रटाळ वेगळं, एकसुरी वेगळं. मजकुरात दम नसेल तर रटाळ. मजकूर उत्तम असूनही सांगणं सपाट असेल तर एकसुरी. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत मी दोन्ही प्रकार ऐकलेत. अभ्यास एवढा की वही भरावी आणि आवाज असा की पुढच्या रांगेतले आजोबा पेंगतायत. ते व्याख्यान एकसुरी होतं, रटाळ मुळीच नव्हतं. मी वही भरली.

शालिमार_चौक
रोकठोक, रटाळ-एकसुरी भेदाला +१. हा कधी लक्षातच आला नव्हता.

मालेगावचा_माग
आमच्याकडे या. घराशेजारी यंत्रमागाचा कारखाना, खडखड खडखड दिवसरात्र. पाहुणे आले की पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. पण रात्री वीज गेली आणि माग बंद पडले की अख्खी गल्ली जागी होते. लहान पोरंसुद्धा रडायला लागतात. आवाज थांबल्यावर जाग येते, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही.

मिसळ_जहाल
पटतं. पंखा बंद पडला की मलाही जाग येते. उकाड्याच्या आधी शांततेने.

पैठणी_येवला
येवल्यात हातमाग, त्यामुळे आमची खटखट वेगळी. धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, मग पुन्हा. पदरावर मोर आला की ठोक्याची लय मोडते, कारण रंगाच्या काड्या हाताने एकेक भराव्या लागतात. साध्या अंगाला सलग ठोका. बाहेर ओट्यावर बसून आई सांगायची, आता पदर चाललाय. नुसत्या आवाजावरून.

हळदीकुंकू
मराठीत कंटाळवाण्या बोलण्याला किती शब्द आहेत बघा. स्वतःचंच तुणतुणं वाजवणं. चऱ्हाट लावणं. चर्चेचं गुऱ्हाळ. दळण दळणं. नन्नाचा पाढा. भुणभुण, पिरपिर, किरकिर. दुसऱ्याची री ओढणं. पालुपद. पण हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सासूबाई पिरपिर करतात असं मी म्हटलं तर भांडण, सासूबाई चऱ्हाट लावतात म्हटलं तर त्या स्वतःच हसतात.

तुणतुण्यावर मात्र अन्याय झालाय असं मला नेहमी वाटतं.

झील
हळदीकुंकू ताई, अन्याय झालाच आहे. तुणतुण्याला तार एक, म्हणून त्याला सगळे हसतात. पण पोवाड्यात ते बंद करून बघा. शाहीर श्वास घ्यायला थांबला की मागे काहीच उरत नाही. मागे साथ देणारा झीलकरी ‘जी जी’ धरून ठेवतो म्हणून शाहिराला पुढची ओळ उचलता येते.

आमचं घराणं वाजंत्र्यांचं. सनई, संबळ आणि सूर. सूर म्हणजे दुसरी सनई, तिच्यावर चाल वाजत नाही, एकच स्वर अखंड धरायचा. माझे आजोबा जन्मभर सूर धरायचे. गाल फुगलेले, त्यातली हवा गालाने ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास, म्हणजे आवाज तुटत नाही. वणीला गडावर, लग्नात, देवाच्या पालखीत. नोटा सनईवाल्याच्या टोपीला लागायच्या, आजोबांकडे कोणी बघायचंही नाही.

एका लग्नात त्यांना ठसका लागला आणि सूर तुटला. पाच-सात सेकंद असतील. सनई चालूच होती, पण ती एकदम उघडी पडल्यासारखी वाटली, जणू पायाखालची फळी काढली. मांडवातले लोक बोलायचे थांबले आणि मागे वळून आजोबांकडे बघायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं सगळ्यांनी. मी नऊ वर्षांचा होतो, शेजारी उभा.

आमच्याकडे त्याला कोणी एकसुरी म्हणत नाही. म्हणतात ‘सूर धरला’. सूर धरणारा दमाचा लागतो, कोणालाही जमत नाही.

खर्ज
झील, तुमचं वाचून अंगावर काटा आला. धरणे! हेच क्रियापद मी शोधत होते. सूर लावणे, सूर लागणे, सूर मिळणे, सूर धरणे. चारही वेगळे.

तांबटआळी
आणि सूर मारणे. लहानपणी पुलाच्या कठड्यावरून गोदावरीत मारायचो. त्या सुराचा या सुराशी काय संबंध देव जाणे, पण पाण्यात पडेपर्यंत छातीत एकच स्वर असायचा.

शब्दवेल्हाळ
थोडं जुनं सांगतो, विषयाशी धरून आहे.

इंग्रजीतला मोनोटोन मूळ ग्रीक. मोनोस म्हणजे एक. टोनोस म्हणजे ताण, ताणलेल्या तारेचा स्वर. हा टोनोस आणि संस्कृतातला ‘तन्’ धातू हे एकाच कुळातले. तन् म्हणजे ताणणे, त्यावरून तंतू, त्यावरून तान. म्हणजे मोनोटोनचा मराठीतला सख्खा भाऊ एकसुरी नाही, तो ‘एकतान’ आहे. आणि एकतान होणे म्हणजे तल्लीन होणे. पतंजलीच्या योगसूत्रात ध्यानाची व्याख्याच अशी आहे: ‘तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्’. तिकडे त्या शब्दातून कंटाळा निघाला, आपल्याकडे त्याच जोडणीतून ध्यान निघालं.

दुसरं, ताईंनी दोष नसलेला शब्द विचारला होता. तो पाणिनीकडे आहे: एकश्रुती. वेद म्हणताना उदात्त, अनुदात्त, स्वरित असे चढउतार पाळायचे असतात, पण काही ठिकाणी ते सोडून एकाच पट्टीत म्हणायचं, ती एकश्रुती. सूत्र आहे ‘एकश्रुति दूरात्सम्बुद्धौ’, म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारताना. लगेच पुढच्या सूत्रात यज्ञकर्मातले मंत्र येतात, तिथेही एकश्रुती, फक्त जप, न्यूंख (मंत्रात ओकार घालून म्हणण्याचा प्रकार) आणि साम (सामगान) वगळून. इथे एकाच पट्टीत म्हणणं हा दोष नाही, नियम आहे.

लांबची हाक खरंच तशी असते. शेताच्या बांधावरून आई ‘एऽऽऽ’ करते त्यात चढउतार कुठे असतो? लांब जायचं तर आवाज सरळच सोडावा लागतो.

रोकठोक
शब्दवेल्हाळ, माहिती उत्तम, एकतानची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पण सहावीतल्या मुलीच्या शेऱ्यात ‘एकश्रुती’ लिहिलं तर मुख्याध्यापकही कोश उघडतील. आणि ती मुलगी यज्ञ करत नव्हती, तिला समोरच्या दोनशे पोरांपर्यंत अर्थ पोचवायचा होता. चढउतार हा नट्टापट्टा नाही, अर्थाचाच भाग आहे. ‘तू गेला होतास’ हे वाक्य तीन शब्दांवर तीन वेळा जोर देऊन म्हणा, तीन अर्थ निघतात. सपाट म्हणा, एकही धड निघत नाही.

कानांनी_वाचतो
मला दिसत नाही. हा धागा मी संगणकाच्या आवाजात ऐकतोय. एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पडद्यावरचं वाचून दाखवतं, आत ईस्पीकचा आवाज आहे, मराठीही बोलतो. माझे डोळस मित्र तो ऐकून म्हणतात, अरे हा किती एकसुरी, यंत्रासारखा. नवे माणसासारखे आवाज आलेत, ते का घेत नाहीस?

घेऊन बघितले. ते गोष्ट ऐकायला छान आहेत. पण मी दिवसभर काम करतो आणि आवाजाचा वेग इतका ठेवतो की तुम्हाला एक शब्दही कळणार नाही. त्या वेगात माणसासारखा चढउतार अडथळा होतो. ईस्पीकचा आवाज सपाट आहे म्हणूनच प्रत्येक ‘क’ प्रत्येक वेळी तसाच येतो आणि कान तो पकडतो. भावना मी माझ्याकडची घालतो. झील यांच्या आजोबांचा सूर तुटला तो परिच्छेद मी त्याच सपाट आवाजात ऐकला आणि नंतर दोन मिनिटं पुढची कळ दाबली नाही.

तर रोकठोक, सपाट आवाजातूनही अर्थ पोचतो. ऐकणाऱ्याने तयार असायला हवं.

झील
दादा, _/\_

निफाडची
कांद्याच्या लिलावाला कोणी गेलंय का? लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपुढे सरकतो आणि पुकारणारा आकडे बोलत जातो. अठराशे, अठराशे दहा, अठराशे वीस, वीस, वीस. आवाज पूर्ण सपाट. आमचे दादा म्हणतात, तो सपाटच हवा. त्याने एका व्यापाऱ्याच्या आकड्याला आवाज चढवला आणि दुसऱ्याच्या वेळी पाडला तर भावात त्याचा हात लागला म्हणायचं. वर्षभराचं पीक ट्रॉलीत असतं आणि निकाल एका मिनिटात. तिथे तो सपाट आवाज आम्हाला बरा वाटतो.

मिसळ_जहाल
माझी सुरी आता मी म्यान करतो. काय काय लिहिताय तुम्ही लोक.

का_लावणारे_बाबा
दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझे बाबा मराठीचे शिक्षक होते. वर्गात वाचायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत यायची. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स झाला, कंपवात. हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. आवाजही जातो हे आम्हाला माहीत नव्हतं. हळूहळू तो बारीक झाला आणि सपाट झाला. चेहऱ्यावरचे भावही कमी झाले. डॉक्टरांनी समजावलं की बोलताना लागणारे स्नायू आखडतात, म्हणून आवाजाला वरखाली करताच येत नाही. मनात सगळं पूर्वीसारखंच असतं.

आम्हाला आधी वाटायचं, त्यांना आता कशात रस उरला नाही. संध्याकाळी मी घरी आले की म्हणायचे, “जेवलीस.” मला कळायचंच नाही की विचारतायत की सांगतायत. मराठीत प्रश्न करायला आपण नुसता शेवट उचलतो ना, “जेवलीस?” तो उचलणंच गेलं होतं. मी उत्तर न देता आत जायचे. किती दिवस गेले तसे, आठवलं की पोटात तुटतं.

मग एके दिवशी त्यांनी स्वतःच उपाय काढला. प्रत्येक प्रश्नाला ‘का’ लावायला लागले. “जेवलीस का.” “पाऊस आहे का.” “दमलीस का.” आवाज तोच, एका रेषेत, पण ‘का’ आला की मला कळायचं. व्याकरणाचे मास्तर, त्यांना माहीत होतं की भाषेत दुसरा दरवाजा आहे. नंतर वाचाउपचार सुरू केले, मोठ्याने बोलायचा सराव करून घेतात, त्याने आवाज थोडा वर आला. पण ‘का’ त्यांनी सोडला नाही.

त्यांच्या बोलण्याला कोणी एकसुरी म्हटलं की मला लागतं. शब्द चूक नाही. पण तो ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. बोलणाऱ्याचं काय चाललंय हे त्याला माहीत नसतं.

हळदीकुंकू
डोळे भरून आले गं. बाबांना नमस्कार सांग.

खर्ज
‘ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलतो.’ ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे असं मला वाटतं. ‘एकसुरी’ ही ऐकणाऱ्याची तक्रार आहे. ‘सूर धरला’ हे धरणाऱ्याचं काम आहे.

रोकठोक
हे मान्य. माझा मुद्दा मी सोडत नाही, तक्रार करायला शब्द हवाच आणि एकसुरी हा चांगला, नेमका शब्द आहे. पण तो वापरण्याआधी समोरचा काय करतोय हे विचारायला हवं. तिने चढउतार येत नाही म्हणून केला नाही की मुद्दाम केला नाही? ताई, विचारलंत का तिला?

गोदाकाठची
नव्हतं विचारलं. तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत. आजींनी दार उघडलं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी म्हटलं, तो उतारा मला पुन्हा म्हणून दाखवशील? तिने दाखवला, तसाच, एका पट्टीत. मी विचारलं, असं का म्हणतेस?

म्हणाली, “आजीचं भजन असतं ना, तेव्हा मी एकतारी धरते. आजी म्हणते हलायचं नाही, मी हलले तर तिची ओळ चुकते. मग मला तसंच येतं.”

मग मी तिला म्हटलं, आता आजी नाही, तूच ओळ म्हणतेयस, तर एकदा हलून बघ. तिने आजीकडे बघितलं, आजींनी मान हलवली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिसऱ्या ओळीला तिचा आवाज वर गेला आणि ती स्वतःच दचकली.

गुण मी बदललेले नाहीत, ते स्पर्धेच्या निकषांवर होते. शेरा बदलला. ‘उच्चार उत्तम. सूर पक्का धरते. आता अर्थाप्रमाणे तो सोडायला शिकावे.’ तांबटआळी, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या, उद्या सकाळी कागद द्यायचाय.

तांबटआळी
सूर दीर्घ, बरोबर. द्या.